मैनाचा नंबर

मुकुटबनच्या बाजारात माझ्या दुकानाला 'नेट कॅफे' कोणी म्हणत नसे. पाटीवर मी तसं हौसेनं रंगवून घेतलं होतं, पण लोकांच्या तोंडी 'फळ्यावाल्या मॅडमचं दुकान' हेच नाव बसलं. या अंकाचे संपादक मला म्हणाले, तुमच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहा. गमती होत्या, नाही असं नाही. त्या आधी सांगते. पण सगळी गोष्ट काही गमतीची नाही, हे आत्ताच सांगून ठेवलेलं बरं.

मूळचा माझा धंदा टायपिंग शिकवण्याचा. वडील जिनिंगमध्ये रेच्यावर कामाला होते, कापूस आणि सरकी वेगळी करता करता त्यांची छाती गेली. आमच्या घरात पोरांनी शिकावं हे बोलण्याची गरजच नव्हती, ते भाकरीतल्या मिठासारखं होतं. मी टायपिंगच्या सगळ्या परीक्षा दिल्या आणि इन्स्टिट्यूट काढलं. पुढं कॉम्प्युटर आले आणि टायपिंगला कुत्रं विचारीना. माझी मशिनं भंगारवाल्यानं नेली तेव्हा मी आतल्या खोलीत जाऊन बसले होते, मला ते बघवलं नाही. मग त्याच टेबलांवर कॉम्प्युटर मांडले आणि टेलिफोनच्या तारेवरून नेट घेतलं. ते नेट लागताना असा काही किरकिराट व्हायचा की बाहेर रस्त्यावर उभे असलेले बैल कान टवकारायचे.

बैल असायचेच. ती कापसाची वाईट वर्षं. खरेदी केंद्रावर मापाची वाट बघत बैलगाड्यांची रांग लागायची आणि तिची शेपटी माझ्या दुकानासमोर यायची. माणसं गाडीखाली झोपायची, माझ्या ओट्यावर बसून डबा खायची, पाणी मागायची. भाव कोणालाच माहीत नसायचा. माहीत झाला तरी तो ऐकण्यासारखा नसायचा. त्या वर्षांत एक गोष्ट मी रोज ऐकली: ज्याच्या त्याच्या तोंडी एकच होतं, पोरगं कापसात नको. पोराला मास्तर करायचं, नाहीतर पोलीस, नाहीतर निदान शिपाई. आणि हे सगळं व्हायचं तर सरकारी सूचना वेळेवर कळली पाहिजे. फॉर्म कधी निघाले, परीक्षा कधी, यादी कधी. आमच्याकडे पेपर दुपारी यायचा, तोही आला तर. शेवटची तारीख गेल्यावर सूचना कळणं हा आमच्या भागाचा जुना रोग होता.

मला या रोगावर औषध सापडलं ते असं. शिक्षणखात्यातल्या एका कार्यालयाच्या संकेतस्थळावर कोपऱ्यात एक नारिंगी चौकोन दिसायचा. बरेच दिवस मला वाटलं ती नुसती नक्षी आहे. एकदा दाबून पाहिला. मग यवतमाळच्या एका ओळखीच्या पोराला फोन करून विचारलं, तेव्हा उलगडा झाला. तो चौकोन म्हणजे 'फीड'. त्याचा पत्ता आपल्याकडच्या एका प्रोग्राममध्ये टाकून ठेवायचा, म्हणजे त्या कार्यालयानं नवी सूचना टाकली की तिचं शीर्षक आणि खाली दोन ओळी आपोआप आपल्याकडे येतात. तिथं जाऊन रोज बघत बसायला नको. विहिरीवर पाणी आलं का हे बघायला रोज घागर घेऊन जाण्याऐवजी घरी नळ यावा, तसं. दहावी-बारावीचं, शिष्यवृत्तीचं, डी.एड.च्या प्रवेशाचं, शिक्षकभरतीचं, असे वेगवेगळे नळ होते. मी सगळे लावून टाकले.

टायपिंग इन्स्टिट्यूटचा एक फळा रिकामा पडला होता. तो ओट्यावर टांगला आणि आलेलं प्रत्येक शीर्षक खडूनं लिहायला लागले. बाजाराच्या दिवशी कोणीतरी वाचता येणारा माणूस फळ्यासमोर उभा राहून मोठ्यानं वाचायचा आणि आसपासची पंचवीस गावं ते आपापल्या घरी घेऊन जायची.

लोकांना आणखी सोय हवी होती. 'आमी रोज कुठून येनार मॅडम, आमची सूचना लावून द्या.' मग मी नावं घ्यायला लागले. ज्याला दहावीचं हवं त्याचं नाव दहावीखाली, ज्याला भरतीचं त्याचं भरतीखाली. तोवर गावागावात एखादा मोबाइल आला होता. सूचना आली की मी त्या नंबरवर मिस कॉल द्यायची. फोन उचलायचा नाही, असा करारच होता. एक मिस कॉल म्हणजे परीक्षेचं, लागोपाठ दोन म्हणजे भरतीचं. दोन मिस कॉल वाजले की पोरगा हातातलं टाकून पुढच्या काळीपिवळी जीपमध्ये बसायचा. फोन कोणाला आधी लावायचा यात भांडणं नकोत म्हणून मी प्रत्येक नावापुढे अनुक्रमांक घातला. ज्यानं आधी नाव दिलं त्याला आधी फोन, साधा हिशोब. त्या अनुक्रमांकाची गोष्ट पुढे येईल.

गिऱ्हाइकं एकेक नग होती. एका शाळेचे मुख्याध्यापक स्कूटरवरून आले, हेल्मेट न काढताच म्हणाले, 'मॅडम, हे तुमचं फीड बंद करून टाका.'

'काहून सर?'

'रोज नवा जीआर येऊन राह्यला. तुमी तो फळ्यावर लिहिता. मंग पालक मले येऊन विचारते, सर, हे आपल्या शाळेत काहून नाही? तुमी लिहिलंच नाही तर कोनाले कळते?'

मी म्हटलं, 'सर, मी नाही लिहिलं तरी जीआर निघतोच ना.'

'निघू द्या. निघून मुंबईत राह्यते बिचारा. तुमी त्याले मुकुटबनले आनता.' सर चिडून निघून गेले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याच शाळेचा शिपाई गुपचूप येऊन शिष्यवृत्तीची सूचना वहीत उतरवून घेऊन गेला.

दुसरे एक गाडीवाले काका. कापूस घेऊन दोन दिवस रांगेत होते. माझा फळा त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचला आणि मला विचारलं, 'बाई, कापसाच्या भावाची सूचना नाही लागत का याच्यावर?' मी म्हटलं, शिक्षणखात्याचं आहे काका, कापसाचं नाही येत. त्यांनी परत वाचलं. 'हे नापास पोरायची पुरवनी परीक्षा काय राह्यते?' मी समजावून सांगितलं, की एकदा नापास झाला तर पुन्हा संधी. काका आपल्या गाडीकडे बघून म्हणाले, 'बाप्पा! मंग कापसालेबी एक ठेवा म्हना पुरवनी.' ओट्यावरची सगळी माणसं हसली. काकाही हसले आणि पुन्हा गाडीखाली जाऊन पडले.

या धंद्यात मला एकाच गोष्टीचा तोरा होता. फळ्यावर ऐकीव बातमी जायची नाही. स्वतःच्या डोळ्यांनी स्क्रीनवर वाचलेलंच लिहायचं. एकदा निवडणुकीच्या दिवसांत एका पुढाऱ्याचा माणूस आला. म्हणाला, 'मॅडम, शिक्षकभरती लवकरच, एवढंच लिहून द्या. साहेबानं सभेत सांगितलं हाय.' मी म्हटलं, सभेतलं सभेत राहू द्या. तो म्हणाला, 'नुसतं लवकरच लिहा, तारीख कुठं मागून राह्यलो?' मी खडू त्याच्या हाती दिला आणि म्हटलं, 'तुमच्या साहेबांच्या घरावर लिहा.' त्यानंतर बाजारात लोक म्हणू लागले, फळ्यावर हाय म्हंजे हाय. हे शब्द मी कित्येक वर्षं दागिन्यासारखे वापरले. आज तो दागिना अंगाला टोचतो, म्हणून हे लिहिते आहे.

लच्छूभाऊ टेकाम हे डोंगराखालच्या कोलाम आदिवासींच्या पोडावरचे. पोड म्हणजे वीस-पंचवीस घरांची त्यांची वस्ती. बांबूच्या टोपल्या, सुपं, कापूस वेचायचे डाले विणून ते बाजारात आणायचे. माणूस उंच, काटक, बोलायला कमी. टोपल्या विकल्या की माझ्या ओट्यावर येऊन बसायचे, फळ्याकडे बघत. वाचता येत नव्हतं, पण बघायचे मात्र असे, जसं काही अक्षरांचे चेहरे ओळखतात. त्यांची मुलगी मैना आश्रमशाळेत शिकत होती. ती दहावीत होती तेव्हाच ते म्हणाले, 'मॅडम, मैनाचं नाव लावून द्या.'

'दहावीच्या निकालाला?'

'नाही. मास्तरकीले.'

मी हसले. म्हटलं, 'लच्छूभाऊ, अजून दहावी व्हायची आहे. मग बारावी, मग डी.एड., मग भरती. आत्ता लावून काय करता?'

'म्हूनच तं आत्ता लावाचं,' ते म्हणाले. 'नंबर लागन ना.'

मी भरतीखाली मैनाचं नाव लिहिलं. पुढे माझ्या सवयीनं अनुक्रमांक घातला. त्यांनी बोट ठेवून तो आकडा पाहिला आणि समाधानानं उठून गेले.

त्यांच्या मनात काय होतं ते मला बऱ्याच दिवसांनी कळलं. आमच्याकडे जुन्या काळापासून एम्प्लॉयमेंटात नाव घालायची पद्धत. यवतमाळला सेवायोजन कार्यालयात कार्ड काढायचं. ज्याचं कार्ड जुनं त्याचा नंबर आधी, आणि मग वर्षानुवर्षं मुलाखतीच्या पत्राची वाट बघायची. माणसं म्हातारी व्हायची पण कार्ड जपून ठेवायची. लच्छूभाऊंच्या, आणि नुसत्या त्यांच्याच नाही तर निम्म्या तालुक्याच्या डोक्यात असं बसलं होतं, की माझ्याकडं नाव लावलं म्हणजे ते तारेवरून वर गेलं, सरकारकडे लागलं, आणि आता तिथं नंबर पुढे सरकतो आहे. माझा फोनसाठीचा अनुक्रमांक हा त्यांचा ज्येष्ठतेचा नंबर झाला होता.

मी समजावलं. एकदा नाही, दर बाजाराला. ते यायचे, पाणी प्यायचे आणि विचारायचे, 'मैनाचा नंबर कितवा हाय आता?'

'लच्छूभाऊ, नंबर-बिंबर काही नाही. हे एम्प्लॉयमेंट नाही. सूचना आली की मी तुम्हाला कळवते, एवढंच. सरकारला मैनाचं नावसुद्धा माहीत नाही.'

ते मान हलवायचे, ओठांच्या कडेला थोडं हसायचे आणि म्हणायचे, 'बराबर हाय. तुमी सांगान तरी कसं?'

पुढे त्यांनीच एकदा मला त्यांचा हिशोब सांगितला. 'ज्याच्या हातात राह्यते ना मॅडम, तो माणूस नाहीच म्हनते. रॉकेलवाला रॉकेल नाही म्हनते, तलाठी सातबारा नाही म्हनते. ज्याच्यापाशी नाही, तो कायले नाही म्हनन? तो म्हनते, चाल, पाहू.' जितकं खरं सांगावं तितका माझ्यावरचा त्यांचा विश्वास वाढत होता, पण तो भलत्याच गोष्टीवर.

मैना शिकली. बारावी झाली. डी.एड.च्या प्रवेशाचा मिस कॉल पोडाजवळच्या किराणा दुकानातल्या फोनवर मीच दिला. तो वेळेवर पोचला, फॉर्म वेळेवर गेला, प्रवेश मिळाला. ती बातमी द्यायला लच्छूभाऊ आले तेव्हा त्यांनी माझ्यासाठी एक टोपली आणली होती, निमुळत्या तळाची, बारीक विणीची. अजून माझ्याकडे आहे, कांदे ठेवते. त्या दिवशी मला वाटलं, माझा तो फळा काहीतरी कामाचा आहे. आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू?

मैना पास होऊन घरी आली आणि शिक्षकभरती थांबली. का थांबली ते मोठ्यांना माहीत. भरतीच्या नळाला पाणी येईना. आलंच तर 'प्रस्ताव विचाराधीन' असलं काहीतरी यायचं. त्यात सूचना काही नसायची, पण स्क्रीनवर आलंय म्हणून मी लिहायची. डी.एड. झालेली पोरं फळ्यासमोर यायची, ते 'विचाराधीन' वाचायची आणि परत जायची. त्यांची लग्नं झाली, काही पुण्याकडे कंपन्यांत गेली, काही परत कापसातच गेली. मैना पोडावरच्या पोरांना आपली आपण शिकवत बसायची.

मग अंगणवाडीची जागा निघाली. मैनाच्याच पोडावर छोटी अंगणवाडी मंजूर झाली होती आणि सेविका तिथलीच राहणारी बाई हवी होती. त्या वस्तीत मैनाएवढी शिकलेली दुसरी कोणी नव्हती, म्हणजे जागा तिच्याच घरासमोर येऊन उभी होती. ही सूचना फीडवर आली नव्हती, पंचायतीत कागद लागला होता. तो मी जाऊन वाचला, फळ्यावर लिहिला आणि मैनाला निरोप धाडला. ती दुसऱ्याच दिवशी आली. ओट्यावर न बसता उभीच राहिली.

'मॅडम, बाबा नाही म्हनून राह्यले.'

'का?'

'म्हनते, ही नोकरी घेतली तं तिकडचा नंबर कटते.'

एम्प्लॉयमेंटात तसंच होतं. कुठं कामाला लागलं की कार्ड रद्द. त्यांच्या दृष्टीनं यात काहीच चूक नव्हतं. इतकी वर्षं सांभाळलेला नंबर अंगणवाडीपायी घालवायचा, तोही आता जवळ आलेला असताना?

'तू नाही सांगितलंस त्यांना? तुला तर माहीत आहे ना, नंबर नाही म्हणून.'

'मले मालूम हाय. पन माह्यं आयकत नाही ते. म्हनते, तुले काय समजते, तू काल शिकली.' ती खाली बघत म्हणाली, 'तुमी येऊन सांगा. तुमच्यावर भरोसा हाय त्यायचा. मले ही जागा पायजे मॅडम. मास्तरकीची वाट पाहाले मी आता थकली.'

मी दुकान बंद करून तिच्याबरोबर निघाले. काळीपिवळी पोडाच्या फाट्यापर्यंत जाते, पुढे पायवाट. लच्छूभाऊ अंगणात बसून बांबूच्या कमच्या काढत होते. मला पाहून उठले, खाट टाकली, मैनाच्या आईनं काळा चहा आणला. मी सगळं नीट सांगितलं. फीड म्हणजे काय, ते कुठून येतं, माझ्या यादीतला आकडा कशासाठी आहे. आकडा माझा आहे, माझ्या हाताचा आहे, सरकारचा नाही. अंगणवाडी घेतल्यानं कटायला तिथं काही नाहीच. मी माझ्या आईची शपथ घेतली.

त्यांनी सगळं ऐकलं. हातातली सुरी बाजूला ठेवली होती, त्या अर्थी मन लावून ऐकलं. मग म्हणाले, 'मॅडम, तुमी इतक्या दूर आल्या. दुकान बंद करून आल्या.'

'हो, तुम्ही चुकताय म्हणून.'

'नंबर नसता तं कोन येते इतक्या दूर?' ते म्हणाले. 'जवळच आला असन आता. तुमी सांगू शकत नाही, मले समजते. पोरगी थांबन.'

मैना दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही. चहा संपवून निघाले. वाटेत मला त्यांचा राग आला, स्वतःचा नाही आला. मी माझं काम केलं होतं, खरं ते सांगितलं होतं, अजून काय करायचं? फॉर्मची मुदत गेली आणि ती जागा पोडावरच्याच एका सुनेला मिळाली. बारावी नापास होती बिचारी, पण कामाला वाईट नव्हती. तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

पुढची वर्षं भराभर गेली. प्रत्येकाच्या हाती मोठे मोबाइल आले आणि लोकांना सूचना माझ्याआधी कळू लागल्या. खऱ्या, खोट्या, सगळ्या एकत्र. माझ्या फळ्यापुढची गर्दी पातळ झाली. मग एक दिवस तो नारिंगी चौकोनच त्या संकेतस्थळावरून नाहीसा झाला. संकेतस्थळ नवीन केलं होतं म्हणे. आधी मला वाटलं माझं नेट बिघडलंय. दोन-तीन दिवस मी वायरी हलवून पाहिल्या. बंद केल्याची सूचना काही आली नाही, कुठल्या नळानं येणार? शेवटचं शीर्षक फळ्यावर तसंच राहिलं, कुठल्याशा चित्रकला परीक्षेचं. मी ते पुसलं आणि त्या जागी 'आधार कार्ड झेरॉक्स, लॅमिनेशन' असं लिहिलं.

लच्छूभाऊ येतच होते. खोकला लागला होता, टोपल्याही कमी आणायचे. लोक आता प्लास्टिकचे टब नेतात. पण ओट्यावर बसायचे आणि विचारायचे, 'कितवा हाय?' मी म्हणायची, नंबर नाही लच्छूभाऊ. ते हसून उठायचे. फीड बंद पडल्याचंही मी सांगितलं. तेसुद्धा त्यांनी त्याच हसण्यात घातलं.

एका उन्हाळ्यात बाजारच भरला नव्हता धड, ऊन असं होतं. लच्छूभाऊ पायी आले. काळीपिवळी मिळाली नव्हती. पायरी चढताना भिंतीला धरून दम घेतला. मी पाणी दिलं. तांब्या त्यांनी हातात घेतला. आणि पाणी प्यायच्या आधी त्यांनी विचारलं, 'मैनाचा नंबर?'

मला राहवलं नाही. इतकी वर्षं या माणसाला मी नाही, नाही म्हणत आले, आज उन्हातून चालत आलाय, याला एकदा तरी बरं वाटू दे, असं मनात आलं. मी म्हटलं, 'सरकला लच्छूभाऊ. पुढं सरकलाय. आता जवळच आहे.'

त्यांनी तांब्या खाली ठेवला. माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं होतं चेहरा उजळेल, पण त्यांच्या ओठांच्या कडेचं ते नेहमीचं हसू हळूहळू गेलं.

'इतके वर्स तुमी नाही म्हनत होत्या,' ते म्हणाले, 'तवा मले वाटे, हाय. आज तुमी हाय म्हनून राह्यल्या.'

मी तांब्या पुन्हा त्यांच्यापुढे सरकवला.

'म्हंजे नाही,' ते म्हणाले. 'संपलं.'

मी घाईघाईनं काहीतरी सारवासारव केली. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. रागानं नाही. मग पाणी प्यायले, तांब्या उलटा करून ओट्यावर ठेवला, धोतराचा सोगा सावरला आणि पायऱ्या उतरून गेले. त्यानंतर ते माझ्या दुकानात आले नाहीत. पुढच्या थंडीत ते वारल्याचं मला बाजारात कळलं.

मैना आली ती त्यानंतर काही महिन्यांनी. आधार कार्डाची झेरॉक्स काढायला. केसांत पांढरं दिसायला लागलं होतं. कशासाठी हवी विचारलं तर म्हणाली, शाळेत पोषण आहार शिजवायचं काम मिळालंय, त्याच्या मानधनाच्या कागदांना. त्यांच्याच पोडावरच्या शाळेत.

'बाबानं मरायच्या आधी सांगितलं, नंबर गेला, जे भेटन ते कर,' ती म्हणाली. 'तवा हेच भेटलं.'

मी मशिनवर कार्ड ठेवलं. मशिन तापायला वेळ घेतं. तोवर मी विचारलं, पोरांना शिकवतेस का अजून. म्हणाली, भात शिजेस्तोवर घेते दोन-चार जणांना जवळ. मास्तर काही म्हणत नाहीत, त्यांनाही बरंच आहे. डी.एड. झालेली बाई चुलीजवळ बसून बाराखडी घेते आणि मधूनमधून उठून डाळ ढवळते, हे चित्र मला नीट दिसलं. मला फार वाईट वाटलं. मी तिला म्हटलं, 'मैना, मी त्या वेळी अंगणवाडीसाठी किती सांगितलं गं त्यांना. आईची शपथ घेतली होती.'

'हो ना. मी तिथंच होती.' ती सहज बोलावं तशी बोलली, तक्रार नव्हती त्यात. 'पन मॅडम, तुमी म्हनून द्याचं होतं ना, नंबर हाय, जवळ हाय, आन् अंगनवाडी घेतली तरी कटत नाही. बाबानं त्याच दिवशी फारम भरला असता.'

इतकी साधी गोष्ट. त्या खाटेवर बसून मी त्यांना फीड समजावलं, तार समजावली, अनुक्रमांक समजावला, आणि हे एक वाक्य मला सुचलं नाही. त्या उन्हाळ्यात सुचलं तेव्हा ते कोणाच्याच कामाचं उरलं नव्हतं. माझ्या खरेपणाचा तोरा एवढा होता की त्यापुढे मला पोरीची जागा दिसली नाही.

मी म्हटलं, 'मी कधी खोटं लिहिलं नाही गं फळ्यावर.'

'लिहा कोन म्हनते?' मैना म्हणाली. 'बोलाचं होतं फक्त.'

झेरॉक्स निघाली. तिनं ती घडी न घालता पिशवीत सरळ ठेवली आणि स्वयंपाकाची वेळ होत आली म्हणून निघाली.